खडीची वाट आणि सायकलचे चाक
(तुडील परिसराच्या निमित्ताने एक अभ्यास)

महाडहून म्हाप्रळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आजूबाजूच्या गावांना आपल्याकडे ‘खाडीपट्टा’ असे नाव आहे. सव, रावढळ, तुडील, चिंभावे, वराठी ही त्यांतली काही गावे. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री येथे संथ होते, भरतीचे पाणी तिच्यात वर चढते आणि पुढे बाणकोटजवळ ती समुद्राला मिळते. खाडीकडे भातशेती, तिच्यावर आंबा-काजूची वरकस जमीन, त्याच्याही वर ऐन-किंजळीचे रान, अशी येथील भूमीची साधारण रचना आहे. डांबरी रस्ता खालून जातो. वाड्या मात्र डोंगराच्या कुशीत आहेत. रस्ता आणि वाडी यांच्यामध्ये जे अंतर उरते ते पाणंद, गाडीवाट, पाखाडी किंवा नुकतेच खडीकरण झालेला कच्चा रस्ता यांनी भरून काढलेले असते. प्रस्तुत लेखाचा विषय हे मधले अंतर आहे.

गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण सायकली घेऊन या वाटांनी दोन दिवस हिंडलो. हेतू भूगोलाच्या क्षेत्रभेटीचा होता. पण परत येताना भूगोलाबरोबर थोडे पदार्थविज्ञान, थोडा इतिहास आणि एक न सुटलेला प्रश्नही बरोबर आला. तो प्रश्न विद्यार्थ्यांपुढे मांडावा म्हणून हा लेखनप्रपंच.

परदेशातील एक उदाहरण

कच्च्या रस्त्यावरून मुद्दाम सायकल चालवणे ही आज जगात एक मोठी हौस झाली आहे. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फ्लिंट हिल्स भागात २००६ साली दोनशे मैलांची खडीच्या रस्त्यावरील शर्यत सुरू झाली. या प्रकाराची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रथमच इटलीत भरली. या कामासाठी खास बांधणीची सायकल निघाली असून तिला ‘ग्रॅव्हल बाइक’, म्हणजे सरळ मराठीत ‘खडीची सायकल’ म्हणतात.

पण आपल्या दृष्टीने याहून जुनी आणि जास्त विचार करायला लावणारी घटना इटलीतीलच आहे. फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांच्या मध्ये क्यांती नावाचा टेकड्यांचा प्रदेश आहे. टेकड्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे, माथ्यावर ओकची राने आणि मधून पांढऱ्या मातीचे वळणावळणाचे रस्ते. हे पांढरे रस्ते एकामागून एक डांबराखाली जाऊ लागले, तेव्हा ते वाचावेत म्हणून जानकार्लो ब्रोची या गृहस्थांनी १९९७ साली गायोले या गावातून एक सायकलफेरी काढली. तिचे नाव ‘लेरोइका’. पहिल्या वर्षी शंभरही स्वार नव्हते. अट अशी की सायकल जुन्या बनावटीची हवी. पुढे त्या फेरीची कीर्ती जगभर झाली आणि २००७ पासून त्याच पांढऱ्या रस्त्यांवर व्यावसायिक स्वारांची शर्यतही होऊ लागली. ज्या रस्त्यांना मागासलेपणाची खूण समजत होते, ते त्या भागाचे भूषण ठरले.

हे वाचून कोणाच्याही मनात येईल की आपल्याकडेही असे का होऊ नये? द्राक्षमळ्यांची गोष्ट प्रथम बाजूला करू. कोकणात द्राक्ष पिकत नाही याचे कारण मातीपेक्षा हवेत आहे. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतात. पावसाळ्यात वेल काडी तयार करतो आणि फळ कोरड्या थंडीत धरते. महाड-पोलादपूरकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या ओलाव्यात केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग वेलीला उभे राहू देणार नाहीत. शहराजवळचे द्राक्षमळे आणि टेकड्या पाहायच्या तर नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला जावे. २००१ साली राज्याने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर तिकडे वाइनसाठी लावलेल्या मळ्यांना जोर आला. आपल्याकडे द्राक्षांच्या जागी काजू आहे, ओकच्या जागी ऐन आहे आणि पांढऱ्या मातीच्या जागी तांबडा मुरूम आहे. चाकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न दोन्हीकडे एकच.

खडीचा रस्ता म्हणजे काय?

खडीच्या रस्त्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जॉन मॅकॅडम या स्कॉटिश गृहस्थाने मांडले. त्याचे म्हणणे साधे होते. रस्त्याखाली अवजड दगडांचा पाया घालण्याची गरज नाही, खालची जमीन कोरडी राहिली तर तीच भार पेलते. म्हणून बारीक फोडलेल्या, कंगोरेदार खडीचे थर द्यावेत, ते एकमेकांत अडकून घट्ट होतात. मध्यभाग किंचित उंच ठेवावा म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. आजही आपल्याकडे खडीकरण करताना आधी मोठी खडी पसरून रूळ फिरवतात, मग बारीक कच आणि मुरूम टाकतात आणि पाणी मारून पुन्हा दाबतात. नदीतला गोल गोटा येथे चालत नाही. गोल दगड एकमेकांवरून घरंगळतात, फोडलेले दगड एकमेकांना धरून बसतात.

या रस्त्याचा खरा शत्रू गाडी नव्हे, पाणी होय. बाजूचे चर बुजले, मोरी तुंबली की पाणी रस्त्यावरून वाहू लागते. प्रथम मुरूम वाहून जातो, मग कच, आणि शेवटी मोठी खडी उघडी पडून सुटी होते. आम्ही ज्या चढावर सर्वांत जास्त हैराण झालो तेथे खडी हातात उचलता येईल इतकी सुटी होती. थोडे वर गेल्यावर कारण दिसले. डोंगराकडचा चर पालापाचोळ्याने भरून गेला होता आणि पावसाळ्यात वहाळाचे पाणी रस्त्यावर उतरल्याच्या खुणा स्पष्ट होत्या. कुदळ-फावड्याचे चार तासांचे काम न झाल्याने दोनशे पावलांचा रस्ता गेला होता.

चाक, हवा आणि दाते

आता सायकलकडे वळू. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी पुढील आकडे पाहून दचकू नये, गुणाकार-भागाकारापलीकडे त्यांत काही नाही.

स्वार आणि सायकल मिळून वजन ८० किलो धरू. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाक फिरवत ठेवण्यासाठी या वजनाच्या साधारण शंभरात अर्धा भाग, म्हणजे ४०० ग्रॅम एवढा जोर सतत लागतो. सुट्या खडीवर तोच दोन टक्क्यांपर्यंत, म्हणजे १६०० ग्रॅमपर्यंत जातो. सपाटीवर डांबर सोडून खडीवर येताच चाकाचा विरोध असा चौपट होतो. याचे कारण उघड आहे. प्रत्येक खड्यावर चाक आणि स्वार थोडे उचलले जातात, आणि खाली येताना ती शक्ती पुढे जाण्याच्या उपयोगी पडत नाही, दणक्यात वाया जाते.

यावरचा उपाय रुंद टायर आणि कमी हवा हा आहे. हवा कमी असली की टायर खड्याभोवती दबतो आणि सबंध सायकल उचलली जात नाही. १८८८ साली जॉन डनलॉप याने हवेचा टायर केला त्याच्या मुळाशी हीच कल्पना होती. खडीच्या सायकलीला आज सुमारे ४० मिलिमीटर रुंदीचा टायर घालतात. आणि येथे एक गंमत लक्षात येते. आपल्या दूधवाल्याच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचा टायर दीड इंची, म्हणजे जवळजवळ तेवढाच रुंद असतो! परदेशी हौशी मंडळींनी अलीकडे शोधून काढलेली रुंदी आपल्या खेड्यांत कित्येक दशके फिरते आहे. १९४९ मध्ये मद्रासजवळ आणि पन्नाशीच्या दशकात सोनीपत व लुधियाना येथे सायकलींचे कारखाने निघाले. त्यांनी जी सायकल लाखोंनी बनवली ती मुळातच कच्च्या रस्त्याची सायकल होती, कारण देशातले बहुतेक रस्ते कच्चे होते.

मग फरक कोठे आहे? तो दात्यांत आहे. काळ्या सायकलीला पुढच्या चक्रावर ४४ आणि मागच्यावर १८ दाते आहेत असे समजू. पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला तर एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. खडीच्या सायकलीवर चढासाठी पुढे ४० आणि मागे ४२ दाते लावता येतात. तेथे एका फेऱ्यात सायकल अवघी २.१ मीटर सरकते.

आता दहास एक असा चढ घ्या, म्हणजे दहा मीटर पुढे गेले की एक मीटर वर. चढाचा विरोध ८ किलो आणि खडीचा १.६ किलो, एकूण ९.६ किलो. पायडलचा दांडा १७ सेंटिमीटर असेल तर एका फेऱ्यात पाऊल सुमारे १.०७ मीटर फिरते. काळ्या सायकलीवर ५.४ मीटरचे काम पावलाला १.०७ मीटरमध्ये उरकायचे असते. म्हणून पायावर सरासरी ९.६ गुणिले ५.४ भागिले १.०७, म्हणजे सुमारे ४८ किलो जोर पडतो. खडीच्या सायकलीवर हाच हिशेब १९ किलोवर येतो. ताशी सहा किलोमीटर वेगाने चढताना पहिल्या सायकलीवर मिनिटाला १८ ते १९ फेरे होतात, दुसरीवर सुमारे ४८. एकूण काम दोन्हीकडे तेवढेच. पण एकीकडे ते थोड्या अवजड घासांत खावे लागते आणि दुसरीकडे पुष्कळ लहान घासांत. ४८ किलो ही सरासरी झाली. पाय वर आणि खाली असताना जोर लागत नसल्याने मधल्या भागात तो याहून बराच जास्त लागतो. यासाठीच चढ आला की आपला सायकलस्वार उतरून चालू लागतो. तो आळशी नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे.

उताराचा धडा

चढ दमवतो पण इजा करीत नाही. उतार नेमका उलट. आमच्यातील एका विद्यार्थ्याने हे स्वतःच्या गुडघ्यावर सिद्ध केले. वळणावर त्याने घाबरून पुढचा ब्रेक एकदम दाबला, पुढचे चाक सुट्या खडीवर घसरले आणि तो आडवा झाला. खरचटण्यावर निभावले.

डांबरावर टायरची पकड वजनाच्या सात दशांश धरली आणि खडीवर साडेतीन दशांश धरली, तर ताशी २० किलोमीटर वेगात डांबरावर सव्वादोन मीटरमध्ये थांबता येते, खडीवर साडेचार मीटर लागतात. वेग दुप्पट, म्हणजे ४० झाला, तर हे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. खडीवर मग १८ मीटर लागतात. ब्रेक मारायचे मनात येईपर्यंत जे अंतर तुटते ते वेगळेच. यावरून तीन नियम निघतात. वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे. दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावावेत. अंग मागे आणि कोपरे सैल ठेवावीत. शिवाय डोक्यावर शिरस्त्राण हवेच. पावसाळ्यात, दरडी आणि वहाळांच्या दिवसांत या वाटांवर सायकल नेऊ नये. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर आणि २२ जुलै २०२१ रोजी तळीये येथे जे ओढवले ते या तालुक्यातील माणसाला सांगण्याची गरज नाही.

न सुटलेला प्रश्न

दुसऱ्या दिवशी एका वाडीत पाणी प्यायला थांबलो. ओटीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आमच्याकडे आणि सायकलींकडे बराच वेळ पाहिले आणि विचारले, “मास्तर, खाली डांबरी रस्ता हाय, आनि तुमी ह्या दगडातनं कशाला मरतासा?” मी आपला अभ्यास, मोकळी हवा, रानातली शांतता असे काही सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “तुमाला गंमत हाय. माजी सून बालंतपनाला ह्याच वाटंनं डोलीत घालून न्हेली. चार मानसं दमली, दोनदा डोली खाली ठेवली. वाचली, देवाची कृपा.” यानंतर त्यांनी आम्हाला गूळ दिला. पण आमच्यातले कोणी पुढे बराच वेळ बोलले नाही.

लेरोइकाची गोष्ट मनात ठेवून निघालेल्या माणसाला हे उत्तर हादरवणारे आहे. कच्चा रस्ता सुंदर आहे, हे खरे. पण तो कोणाच्या सोयीचा आहे? या प्रश्नाचा विचार केल्यावर मला क्यांती आणि खाडीपट्टा यांतील भेद दिसला तो असा. क्यांतीतील शेतकऱ्याच्या दारात मोटार होती, दवाखाना मोटारीच्या टप्प्यात होता. मातीचा रस्ता राखल्याने त्याचा जीव धोक्यात येत नव्हता. आपल्या वाडीला दुसरा रस्ताच नाही. ज्याच्याजवळ पर्याय आहे त्याने खडी पसंत करणे ही आवड झाली. ज्याच्याजवळ पर्याय नाही त्याच्यावर ती पसंती लादणे हा अन्याय झाला. तेव्हा प्रत्येक वाडीपर्यंत बारमाही पक्का रस्ता पोहोचलाच पाहिजे, याबद्दल हौशी सायकलस्वाराने तोंड उघडू नये.

पण एवढ्याने विषय संपत नाही. पक्का रस्ता खालच्या मुख्य रस्त्यापासून प्रत्येक वाडीपर्यंत सुटा सुटा चढतो. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत डोंगराच्या अंगाने जाणाऱ्या ज्या जुन्या वाटा होत्या त्यांचे काय? नव्या रस्त्याने शेजारची वाडी गाठायची तर खाली उतरून पुन्हा चढावे लागते. मोटारसायकलवाल्याला ते जड नाही. शाळेत जाणाऱ्या मुलीला आणि म्हाताऱ्या माणसाला आहे. त्या वाटा डांबरामुळे नाहीशा होत नाहीत, न वापरल्यामुळे होतात. करवंदीच्या जाळ्या त्यांच्यावर येतात, साकव मोडला की कोणी बांधत नाही, आणि एका पिढीत वाट कोठे होती हेही कोणी सांगू शकत नाही.

येथे सायकल केवळ हौस राहत नाही. १९९१-९२ च्या सुमारास तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या जोडीने हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या, आणि कोणाच्या मर्जीशिवाय बाहेर पडण्याचे साधन त्यांना मिळाले. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली आणि त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींची संख्या ठळकपणे वाढल्याचे अभ्यासकांना आढळले. अर्थात तो सपाट मुलूख. आपल्याकडे उतार आहेत. पण वर केलेला दात्यांचा हिशेब पाहता, योग्य दात्यांची, बरे ब्रेक असलेली साधी सायकल आणि पाणी न साचणारी पाच-सहा फुटी मुरमाची वाट एवढे मिळाले तर दोन वाड्यांमधले अंतर येथेही कमी होईल. अशी वाट राखायला डांबर लागत नाही. चर, मोरी, साकव आणि वर्षातून एकदा गावाचे श्रमदान लागते.

विद्यार्थ्यांसाठी

शेवटी एक सूचना. आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या वाड्यांतून मुले-मुली येतात. प्रत्येकाने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या वाडीपासून शेजारच्या वाडीपर्यंतची जुनी वाट घरातल्या वडीलधाऱ्या माणसाबरोबर एकदा चालून पाहावी. वाटेचे नाव, पाणी कोठे आडवे येते, चढ कोठे आहे, साकव शाबूत आहे की नाही, आणि वाट कोण वापरते हे वहीत लिहावे. चढ मोजायला उपकरण लागत नाही. एक दहा फुटी काठी, एक पाण्याची बाटली समपातळीसाठी आणि एक फूटपट्टी पुरे. दहा फुटी काठी आडवी धरून तिचे खालच्या बाजूचे टोक जमिनीपासून किती उंच राहते ते मोजले की चढ कळला. अशा पन्नास वह्या एकत्र आल्या तर खाडीपट्ट्याच्या वाटांचा एक नकाशा तयार होईल आणि कोणत्या वाटेवर पक्का रस्ता हवा व कोणती मुरमाची राखावी, हे ग्रामसभेत आधारासह सांगता येईल.

त्या वृद्ध बाईंच्या वाडीचा रस्ता मात्र यादीत पहिला लिहावा, आणि त्याच्यापुढे ‘डांबरी’ असे स्पष्ट लिहावे.